शिकारभाठ्याची चढण

काकू, ट्रॅक्टर अजून खालीच आहे. डांबरी रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, तुम्हाला रायपूरला आणलं त्या दिवशी जिथं घाईघाईत लावला तिथंच. वरच्या वस्तीतल्या बुधरामनं त्याच्यावर ताडपत्री टाकली आणि चाकांना दगड लावले. किल्ली माझ्याजवळ आहे. मी इथं रायपुरात, बूढ़ापाऱ्यातल्या तुमच्या घरी, मागच्या खोलीत बसून लिहून राहिलो आहे, आणि स्वयंपाकघरातून कोणी हाक मारली की अजूनही उठायला होतं.

मंडळाच्या बायका तुमच्यावर एक छोटी पुस्तिका काढणार आहेत. कोणी तुमच्या हळदीकुंकवाबद्दल लिहिलं, कोणी गणपतीतल्या नाटकाच्या तालमींबद्दल. मला म्हणाल्या, गजानन, तूही लिही. मी म्हटलं, मी आठवी सोडलेला माणूस, मी काय लिहू. तर म्हणाल्या, त्यांना रोज पेपर कोण वाचून दाखवत होतं? हे खरं आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला नसता तर माझं वाचन रिसोडच्या शाळेतच राहून गेलं असतं.

पण मला तुमच्याबद्दल लिहायचं नाही, तुमच्याशी बोलायचं आहे. तुमचा मुलगा, मनोज भैया, सोमवारी पुण्याला परत जातो. जाण्याआधी त्याला माझ्याकडून एक उत्तर पाहिजे होतं. शिकारभाठ्याची सरळ चढण तो आता चालू देणार नाही. एकतर ट्रॅक्टर विकायचा, नाहीतर नाल्याच्या अंगानं वळसा घेऊन नवा रस्ता काढायचा. वळसा म्हणजे पाणवठ्याजवळून. ज्या रस्त्यावरून तुमचं माझं शेवटचं बोलणं झालं तोच. बोलणं कशाला म्हणू, भांडणच ते.

मंडळातल्या बहुतेक जणींनी शिकारभाठा पाहिलेला नाही, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. धमतरी सोडल्यावर जमीन उठायला लागते, तिथं आतमध्ये तुमच्या सासरच्यांची ही टेकडी. भाठा म्हणजे पडीक, खडकाळ माळ. धान होत नाही, नांगर चालत नाही. जुन्या मालगुजारीच्या काळात ती फक्त शिकारीसाठी राखलेली, म्हणून शिकारभाठा. शिकार बंद होऊन जमाना झाला, नाव तेवढं राहिलं. खाली डांबरी रस्ता, अर्ध्यावर तुमचा दोन खोल्यांचा जुना बंगला, आणि अगदी माथ्यावर वरचा पारा, पूर्वी शिकारीत जनावर हाकणाऱ्यांची वस्ती. त्या लोकांना वर-खाली जायला एकच वाट, शिकारीच्या जीपसाठी काढलेली सरळ चढण. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला उतार, मध्ये मुरूम आणि सुटे दगड.

मी त्या टेकडीवर बोअरच्या गाडीसोबत आलो होतो, उन्हाळ्यात, बंगल्यापर्यंतची चढण तेव्हा धड होती. तुम्ही बंगल्याजवळ बोअर मारायला लावला, खाली नुसता दगड लागला, पाणी नाही. मला ताप चढला होता. गाडीवाल्यांना पुढच्या कामाची घाई, ते मला तिथंच टाकून गेले. तुम्ही ओसरीत आल्या.

"काहून रे, तुझे लोक गेले, तू काहून राहिला?"

"ताप आहे, काकू."

"ते दिसून राहिलं मले. कुठला तू?"

"रिसोडचा."

"अरे देवा, इतक्या दूर मरायला आला का? हव, पड इथं. आणि मले काकू म्हटलं ना, आता भाताची पेज प्यावी लागीन."

ती पेज मी किती दिवस प्यायलो ते आठवत नाही. बरा झालो तेव्हा तुम्ही मला जायला सांगितलं नाही आणि राहायलाही सांगितलं नाही. एक दिवस कुदळ हातात दिली आणि म्हणाल्या, ती नाली साफ कर. आई अजून फोनवर विचारते, तिथं तुझं कोण आहे? मी म्हणायचो, काकू आहे. आता तिनं विचारलं तर काय सांगू, हे अजून सुचलं नाही.

ट्रॅक्टर घ्यायचं तुमच्या डोक्यात आलं तेव्हा सगळ्यांनी विरोध केला. दर पावसाळ्यानंतर चढण वाहून जायची, बायका डोक्यावर राशन घेऊन चढायच्या, आणि तुमचं म्हणणं, छोटा ट्रॅक्टर घेऊ, मागं पाटा लावू, दरसाल आपणच रस्ता घासू. दुकानातला पोरगा अजून डोळ्यांसमोर आहे. तो तुम्हाला समजावत होता, "माताजी, ये बगीचे की मशीन है. संतरे के झाड़ों में चलती है, गन्ने की लाइन में चलती है. पहाड़ पर इसको कौन ले जाता है?"

तुम्ही म्हणालात, "हम ले जाते हैं." आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मी तोवर आयुष्यात मोटरसायकलसुद्धा धड चालवली नव्हती.

शिकवायला तुम्ही मला नवा रायपुरात नेलं. म्हणालात, तिथं रस्ते मोठे आणि माणसं कमी, कोणाला मारशील तर शोधून मारावं लागीन. त्या रुंद रस्त्यावर आमचा लहानसा ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं चालला होता, बाजूनं गाड्या सूं सूं जात होत्या. तुम्ही मडगार्डवर बसून शेंगा खात होत्या आणि टरफलं पदरात गोळा करत होत्या. मी घामाघूम. तुम्ही म्हणालात, "गजू, तू ट्रॅक्टर चालवून राहिला का वरात काढून राहिला?" मी वेग वाढवला नाही. त्या दिवसापासून हे आपलं ठरूनच गेलं, तुम्ही टोमणा मारायचा आणि मी हळूच चालवायचं.

भाठ्यावरचा पहिला दिवस मी विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मी सरळ तोंड वर करून चढवायला घेतला. अर्ध्या चढणीवर पुढची चाकं उठली. ट्रॅक्टर मागच्या पायांवर उभा राहतो आहे आणि माझ्यावर पडणार आहे असं वाटलं. मी क्लच दाबला, तोंड धाडकन खाली आलं आणि सगळंच मागं घरंगळायला लागलं. साजाच्या झाडाच्या बुंध्यानं अडवलं म्हणून वाचलो. तुम्ही वरून धावत आल्या, चपला हातात. "लागलं का?" म्हणालात. मी नाही म्हटलं. तुम्ही खाली बसल्या, श्वास घेतला, आणि म्हणालात, "उद्या उलटा चढव. सासरे जीप अशीच चढवत. रिव्हर्सचा गिअर सगळ्यात ताकदीचा, आणि जड बूड वर राहते."

दुसऱ्या दिवशी उलटा चढवला. मान मुरगळून मागं पाहत, ट्रॅक्टरचं तोंड खाली दरीकडं. चढला. वरच्या पाऱ्यातले लोक हसून हसून बेजार. एक म्हातारी म्हणाली, "ए टरेक्टर ह पाछू डहर काबर चघथे?" हा मागच्या बाजूनं का चढतो? तुम्ही तिला त्यांच्याच बोलीत सांगितलं की याला वर जायची लाज वाटते, म्हणून पाठ दाखवून येतो. ते आजही त्याला लजकुरहा म्हणतात, लाजाळू.

हळूहळू आपण त्या यंत्राला टेकडीचं केलं. मागच्या चाकांच्या रिमा उलट्या बसवून बूड रुंद केलं. रायपुरातल्या टाटीबंधच्या वेल्डरकडून डोक्यावर लोखंडी कमान करून घेतली, उलटला तर चालवणारा वाचावा म्हणून. ट्रॉली उतारावर ढकलते म्हणून ट्रॉली लावलीच नाही, मागच्या लिफ्टवर लोखंडी डाला बसवला, त्यात राशन, सिमेंट, कधी एखादी शेळी. उतरताना तोंड खाली, चारही चाकं जोडलेली, सगळ्यात हळू गिअर, क्लचला पाय लावायचा नाही. ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. चारही चाकं जोडलेली नसली आणि ब्रेक दाबला की मागची चाकं नुसती घासत जातात. हे मी एकदा थोडक्यात बचावून शिकलो, त्याबद्दल तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, हे मला बुधरामनं नंतर सांगितलं.

आणि बुधरामची काठी. ती रीत तर तुमच्याशिवाय कोणाला सुचली नसती. बुधरामचा बाप हाकेवाला होता. शिकारीत हे लोक रांगेनं झाडांच्या बुंध्यांवर काठ्या मारत चालायचे, जनावर पुढं पळायचं, मचाणाकडं. तुम्ही म्हणालात, काठ्या तशाच घ्या, पण आता दगडांवर मारा. बसलेला दगड ठण्‌ वाजतो, सुटा दगड बद्द वाजतो. मग पावसानंतर दर वेळी बुधराम आणि दोघं-तिघं ट्रॅक्टरच्या वाटेत दगड वाजवत चालायचे, बद्द वाजला की पहारीनं उचकटून फेकायचे, आणि मागून मी उलटा चढत यायचो. बंगल्याच्या पायरीवर बसून तुम्ही ऐकायच्या. डोळे गेले होते, कान शाबूत होते. "बुधराम, तो डावीकडचा परत वाजव," असं खालपर्यंत ओरडायच्या. आणि तो दगड खरंच सुटा निघायचा. नेहमी नाही. कधी तुमचंही चुकायचं, तेव्हा बुधराम "बाई ला नींद आवत हे" म्हणायचा आणि तुम्ही त्याला वरून शिवी हासडायच्या.

पाणवठ्याचं तुम्ही मला एकदाच सांगितलं. संध्याकाळी पेपर वाचून झाला होता. म्हणालात, नवी नवरी होते मी. सगळे मला कौतुकानं भाठ्यावर घेऊन गेले. पाणवठ्यावरच्या मचाणावर बसवलं. सांबर आलं, मादी होती. माझ्या हातभर बांगड्या. जरा हलले तर वाजल्या, तशी सासऱ्यांनी डोळे वटारले. मग मी मनगटं घट्ट धरून बसले. तिनं पाणी प्यायलं, मान वर केली, आणि गोळी.  मग म्हणालात, "वाजवायला पाहिजे होत्या रे."

म्हणून पाणवठ्याकडं रस्ता नाही. मोटरसायकल जाईल असं काही नाही. जनावरांसाठी विजेची तार लावणारे, फासे लावणारे चोरटे शिकारी बाहेरून येतात, त्यांना फक्त चाकाची वाट पाहिजे असते. तुम्ही ती कधी होऊ दिली नाही. मला हे समजत होतं, काकू. खरंच समजत होतं.

मग इतवारीनचा दिवस आला. बुधरामची सून. पाऊस लागून राहिलेला, दुपारची वेळ, बुधराम काठी न घेताच धावत बंगल्यावर आला. तिला कळा सुटल्या होत्या आणि काही ठीक नव्हतं. रुग्णवाहिका खाली डांबरी रस्त्यापर्यंत येत होती, वर ती येऊच शकत नाही. तुम्ही मला विचारलं नाही. डाल्यात पैरा, म्हणजे धानाचा पेंढा टाकला, गादी टाकली, तिला बसवलं आणि स्वतः मागं चढून तिला मिठीत धरून बसल्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही नका. तुम्ही म्हणालात, "चल."

दगड वाजवायला वेळ नव्हता. खालच्या वळणाआधी गवत वाढलेला खडक आहे, ओला होता. तिथं मागचं बूड सरकलं. उताराच्या बाजूला. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि सरकणं वाढलं. मग मी पाय उचलला. तो पाय उचलणं मला अजून कळत नाही. सगळं अंग सांगत होतं की दाब, आणि मी उचलला, आणि गिअरनं चाकं धरली, आणि एक चाक एका दगडाला टेकून थांबलं. तो दगड सुटा असता तर आपण चौघं तिथून गेलो असतो, मी, तुम्ही, इतवारीन आणि पोटातलं. मागून तुमचा आवाज आला, शांत, "झालं का रे? चल मग."

पोरगी झाली. रुग्णवाहिकेतच, डांबरी रस्त्यावर. सगळे हसत होते, बुधराम रडत होता. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात, तुम्ही येऊन एकएक बोट सोडवलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीत मी म्हटलं, काकू, आता माणसं या चढणीवरून नाही नेणार. नाल्याकडून रस्ता काढू.

"नाही."

"वळसा मोठा आहे, पण चढ नाही. रुग्णवाहिका माथ्यापर्यंत जाईल."

"पाणवठ्यावरून रस्ता नाही जाणार, गजू. तुले माहीत आहे."

"माहीत आहे. सांबराचा जीव आहे, मी नाही कुठं म्हणतो. पण इतवारीनचा?"

"इतवारीन वाचली ना?"

"वाचली. परत वाचेल?"

तुम्ही माझ्याकडं तोंड केलं. दिसत नव्हतं तरी पाहिल्यासारखं. "तू काहून इतका भितो रे?"

आणि मी म्हटलं, "मी भितो म्हणून तुम्ही जिवंत आहा."

असं मी तुमच्याशी कधी बोललो नव्हतो.  उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी पेपर वाच म्हटलं नाही. पुढच्याही नाही. जेवायला वाढत होत्या, पण तोंड ताटाकडंच ठेवून. मला वाटलं, दोन-चार दिवसांत राग निवळेल, मग मी परत विषय काढीन, नीट बोलीन. मनात मांडणीसुद्धा करून ठेवली होती. फाटक लावू, मोठे दगड आडवे टाकू, वरच्या पाऱ्यातल्या पोरांना पहाऱ्याला बसवू. हे सगळं तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

त्या सकाळी तुमच्या हातातून चहाची कपबशी पडली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

तुम्हालाही त्याच डाल्यात उतरवलं, काकू. तीच गादी. मागं तुम्हाला धरून इतवारीन बसली, पोरगी सासूकडं ठेवून. मी तसाच उतरवला जसा नेहमी उतरवतो. सगळ्यात हळू गिअर, क्लचला पाय नाही. खडकापाशी थांबून बुधरामनं दगड वाजवून पाहिला, मग पुढं. मी घाई केली नाही. घाई करायची नाही हे मी तिथंच शिकलो होतो. डांबरी रस्त्यावर गाडी उभी होती, मग धमतरी, मग रायपूर.

डॉक्टरांनी मला काही म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. मनोज भैया पुण्याहून आला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात त्यानं एकच विचारलं, "उतरने में कितना टाइम लगा?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. नंतर त्यानं कधी तो विषय काढला नाही. तो काढत नाही म्हणून मी रात्रंदिवस तोच काढून राहिलो आहे. थोडा जोरात आणला असता तर? आणि जोरात आणताना खडकावर सरकलो असतो तर? दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्हीकडून तुम्हीच जाता.

दवाखान्यात तुम्हाला बोलता येत नव्हतं. मी पेपर वाचून दाखवला, तुमचा आवडता चौथ्या पानावरचा मजकूर. तुमचा एक हात हलत होता, चादरीवर बोटं सरकत होती, एकाच दिशेनं, वळून, परत वळून. मला वाटलं, नाल्याकडचा रस्ता दाखवताहेत. काढू म्हणताहेत. मग वाटलं, नाही, पाणी पाहिजे असेल. चमच्यानं पाणी दिलं, प्यायल्या नाहीत. नर्स म्हणाली, ऐसे मरीज का हाथ चलता रहता है, उसका मतलब नहीं होता. मतलब नसेलही. पण मला नसू द्यायला जमत नाही.

तेरावं झाल्यावर मनोज भैयानं मला गच्चीवर बोलावलं. बूढ़ा तलावाकडून वारा येत होता. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीतच, तुम्ही त्याला यावरून किती बोलायच्या.

"गजू भैया, सीधा बोलता हूँ. वो चढ़ाई अब नहीं. आई थी तब बात अलग थी. अब कुछ हुआ तो मेरे सिर पर."

"मग वरच्या पाऱ्याचं काय?"

"वही तो पूछ रहा हूँ. घूम के रास्ता निकलता है ना? खुदाई वाला पहचान का है. मैं करवा देता हूँ."

"काकू नाही म्हणत होत्या."

"मालूम है. मुझसे भी लड़ी थी इसी बात पे." तो कठड्याला टेकला. "तो फिर ट्रैक्टर बेच देते हैं. तेरे लिए इधर कहीं बात करता हूँ, नहीं तो गाँव जा, माँ के पास. पर मैं रोज़ फ़ोन की घंटी से डर के नहीं जी सकता. तू सोच के बता. वहाँ तू रहेगा, मैं नहीं."

काकू, बारा-तेरा वर्षं मी वाद घालत आलो आणि तुम्ही ठरवत आल्या. मला वाद घालायची सवय आहे. ठरवायची नाही.

म्हणून मी भाठ्यावर जाऊन आलो. बसनं गेलो, ट्रॅक्टरला हात लावला नाही. चढणीवरून पायी गेलो. बंगल्याला कुलूप, पायरीवर पानं पडलेली. बुधरामला घेऊन नाल्याच्या अंगानं वळशाची सगळी वाट चालून पाहिली. वाट चांगली आहे. मुरूम घट्ट आहे, चढ इतका मंद की म्हातारा बुधराम बोलत बोलत चढला. पण एका जागी दोन्हीकडून खडक येतो आणि वाट पाणवठ्याच्या अगदी काठानं जाते. तिथून हटवायला जागाच नाही, मी वर-खाली पाहिलं, बसून पाहिलं. ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. ताजे. एक मोठं जनावर आणि एक लहान. डुकरांनी उकरलेलंही होतं. तिथं उभा राहिलो तर पाण्यावर नुसत्या चतुरांचा आवाज. इथून डांबरी रस्ता कुठं आहे हे कळतसुद्धा नाही. तुम्ही हे इतकी वर्षं कसं सांभाळलं ते तिथं उभं राहिल्यावर कळलं, आणि मला वाटलं, जाऊ दे, ट्रॅक्टर विकावा, मी रिसोडला जावं, कोणाचंच काही बिघडायला नको.

बुधरामला विचारलं, तू सांग, काय करू?

तो म्हणाला, "बाई ह मना करे रिहिस." बाईंनी मना केलं होतं. मग म्हणाला, "फेर मोर बहू ल बइठार के उही लाने रिहिस." पण माझ्या सुनेला बसवून आणणारीही तीच. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, "मोला काबर पूछथस? चलइया त तैं हस." मला काय विचारतो, चालवणारा तू आहेस.

परत निघताना वरच्या पाऱ्यात इतवारीनकडं चहा घेतला. पोरगी माझ्या मांडीवर टाकली तिनं, विचारलंही नाही. तिच्या गल्लीतली आणखी एक बाई दिवस भरत आलेली आहे. त्या बाईनं मला सहज विचारलं, लजकुरहा कधी येणार वर? मी म्हटलं, येईल.

आज सकाळी मी भैयाला हो म्हटलं. वळशाचा रस्ता काढायचा. मी त्याला फाटकाचं सांगितलं, पाऱ्यातल्या पोरांच्या पहाऱ्याचं सांगितलं, तो सगळ्याला हो म्हणाला. पण फाटक तोडायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पहिल्या वर्षी पोरं पहारा करतील. दुसऱ्या वर्षी कोणी तरी झोपेल. एखाद्या सकाळी त्या ओल्या मातीत टायरचा ठसा दिसेल, आणि कोणीतरी मला येऊन सांगेल की पाण्याजवळ रक्त सांडलं आहे. तेव्हा ते माझ्यामुळं असेल. मला हे आत्ताच माहीत आहे, आणि तरी मी हो म्हटलं.

तुम्ही असत्या तर परत नाही म्हटलं असतं. आणि मी ऐकलं असतं, काकू. चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, पण ऐकलं असतं, आणि त्या बाईलाही डाल्यात बसवून त्याच खडकावरून खाली आणलं असतं. तुमच्यापुढं माझं कधी चाललं नाही, आणि मला त्याचं दुःखही नव्हतं. हा रस्ता तुम्ही गेल्या म्हणून होतो आहे. हे बायकांच्या पुस्तिकेत छापू नये असं कोणाला वाटलं तर नका छापू, पण माझ्या तोंडून तुम्हाला कळायला पाहिजे होतं, दुसऱ्या कोणाच्या नाही. मला तुम्हीही पाहिजे होत्या आणि रस्ताही.